जॅझ-वादकांची नावे आणि मराठी लेखन

वाशीम या गावाचे नाव आज मराठीत दोन प्रकारे लिहिले जाते. शासकीय व्यवहारात 'वाशिम' असे ऱ्हस्व लिहिण्याचा प्रघात आहे; अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार दीर्घ लिहावा या सामान्य नियमास अनुसरून कित्येक लेखक 'वाशीम' लिहितात. गावातील माणसाच्या उच्चारात या दोन लेखनांमुळे कसलाही फरक पडत नाही. याउलट ब्रिटिश अमदानीतील वऱ्हाडचे कागद उघडले, तर हेच गाव तेथे 'बासिम' म्हणून भेटते, आणि हा फरक केवळ ऱ्हस्वदीर्घाचा नाही. १९०५ मध्ये हा जिल्हा अकोला जिल्ह्यात विलीन झाला तेव्हा तो 'बासिम' म्हणूनच विलीन झाला. १ जुलै १९९८ रोजी तो पुन्हा स्वतंत्र झाला, तो मात्र स्वतःच्या नावाने.

हे 'बासिम' रूप इंग्रजांनी घडविले असे मानण्याकडे सामान्य वाचकाचा कल असतो. वस्तुतः 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातील सरकारांची जी यादी आहे, तीत ते आधीच आलेले आहे. फारसी लेखणीने केलेला बकार इंग्रज कारकुनाने जसाच्या तसा उतरून घेतला एवढेच. पुढे १९३९ मध्ये वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट येथे उजेडात आला, तेव्हा पुराभिलेखांच्या अभ्यासात तोही 'बासिमचा ताम्रपट' याच नावाने रूढ झाला. ताम्रपटात गावाचे नाव 'वत्सगुल्म' असे असताना हे घडले, हे विशेष. 'वत्सगुल्म' या संस्कृत नावाशी संबद्ध असलेले 'वच्छोमी' हे रीतिवाचक प्राकृत रूप राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी'त आढळते; त्या परंपरेतूनच आजचे 'वाशीम' आले असे अभ्यासक मानतात. या सबंध प्रवासात संयुक्ताक्षरे झडली, स्वर बदलले, परंतु आरंभीचा वकार कोठेही ढळला नाही. लोकांच्या तोंडी 'व' अखंड नांदत असताना कागदावर काही शतके 'ब' नांदत होता.

ज्या वाचकांच्या घरचाच हा अनुभव आहे, त्यांना परकी नावे मराठीत लिहिताना आपले लेखन काय करते हे पाहणे उद्बोधक वाटेल. प्रस्तुत टिपणासाठी जॅझ-संगीतातील वादकांची नावे निवडली आहेत, ती या संगीताच्या आवडीमुळे नव्हे. एक तर या नावांत इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज, इटालियन, अरबी आणि खुद्द भारतीय अशा अनेक भाषांचे थर एकत्र आले आहेत. दुसरे असे की, मुंबईत हे संगीत ज्यांनी वाजविले ते बहुसंख्य वादक गोव्याचे होते. म्हणजे ज्यांची नावे मराठीला परकी मानावी की घरची, हाच प्रश्न आहे. या नावांच्या मराठी लेखनातील दोष मराठी जिभेच्या असमर्थतेतून आलेले नाहीत. मराठी लेखक नाव कानाने ऐकत नाही, रोमन लिपीत वाचतो, आणि तेही इंग्रजी अक्षरमूल्यांनी वाचतो. दोषांचे मूळ येथे आहे.

आरंभ 'जॅझ' या शब्दापासूनच करावा लागतो. अखेरचे 'झ' हे अक्षर महाप्राण, परंतु इंग्रजी ध्वनी अल्पप्राण. मराठी 'ज'ला दोन उच्चार आहेत: 'जग' मधील दन्त्य आणि 'जीव' मधील तालव्य. दन्त्य 'ज' हा इंग्रजी 'झेड'च्या पुष्कळ जवळचा आहे. तथापि लिपीत हा भेद दिसत नसल्याने लेखकांनी 'झ'चा आश्रय घेतला, कारण 'झ' बहुधा दन्त्यच वाचला जातो. तालव्यत्वाचे संकट टळले, पण महाप्राणत्वाचे पदरी आले. 'डिसोझा', 'वाझ', 'ब्राझ' ही सर्व लेखने याच तडजोडीची अपत्ये होत. ही तडजोड आता इतकी मुरली आहे की तिच्याविरुद्ध तक्रार करण्यात अर्थ नाही. मात्र ती तडजोड आहे, उच्चार नव्हे, एवढे भाषाभ्यासकाने विसरू नये.

अमेरिकन नावांचा विचार थोडक्यात करता येईल. पियानोवादक थेलोनियस मंक (१९१७–१९८२) याचे आडनाव मराठीत हटकून 'माँक' किंवा 'मॉन्क' असे लिहिले जाते. इंग्रजीत त्यातील स्वर 'मंकी' या शब्दातला आहे. तो स्वर मराठी 'अ'च्या अगदी शेजारी बसतो, आणि 'मंक' हे लेखन कोणत्याही विशेष चिन्हावाचून साधते. येथे अडचण साधनांच्या अभावाची नसून विपुलतेची आहे. मराठीने इंग्रजी स्वरांसाठी 'ॲ' व 'ऑ' ही चिन्हे घेतली, हे योग्यच झाले. पण रोमन 'ओ' दिसला की 'ऑ' लिहावयाचा, अशी एक यांत्रिक सवय त्यातून जडली. सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेन (१९२६–१९६७) हा याच सवयीने 'कॉलट्रेन' होतो. त्याच्या आडनावातील पहिला स्वर 'कोळसा'तील ओकारासारखा आहे, 'कॉलर'मधील नव्हे. डिझी गिलेस्पी याच्या आडनावाचा आरंभ 'ग'ने होतो, परंतु 'जी'पुढे 'आय' आला की 'ज' वाचावा हा शाळेत शिकलेला नियम वाचकाला 'जिलेस्पी'कडे ओढतो. हा नियम इंग्रजीतच किती लंगडा आहे हे 'गिफ्ट' व 'गिव्ह' म्हणणाऱ्याला सांगावे लागू नये.

याहून सूक्ष्म प्रश्न उपस्थित होतो तो नाव एका भाषेचे आणि माणूस दुसऱ्या भाषेचा असतो तेव्हा. कॉर्नेटवादक बिक्स बायडरबेक याचे घराणे मूळ जर्मन. जर्मन वाचनाप्रमाणे आडनावाच्या अखेरीस एकार उच्चारला पाहिजे. परंतु हा वादक १९०३ मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे जन्मला, आणि तेथील इंग्रजीत तो एकार लोपलेला आहे. मूळ भाषेच्या अभिमानाने 'बायडरबेके' लिहिणारा मराठी लेखक विद्वत्ता दाखवितो, पण माणसाचे नाव चुकवितो. न्यू ऑर्लिन्सचा सिडनी बेशे (१८९७–१९५९) याच्या बाबतीत याच्या उलट घडले. त्याचे फ्रेंच आडनाव अमेरिकेतही फ्रेंच वळणानेच उच्चारले जाते. 'बेचेट' हे केवळ अक्षरवाचन होय. म्हणजे 'मूळ भाषेकडे जा' हा नियम एका ठिकाणी चुकतो आणि दुसऱ्या ठिकाणी बरोबर ठरतो. दोन्ही ठिकाणी बरोबर ठरते ती एकच कसोटी: नाव धारण करणारा आणि त्याच्या भोवतालचे लोक ते कसे उच्चारीत?

लुई आर्मस्ट्राँग याचे उदाहरण या कसोटीसही थोडे अडचणीचे आहे. मराठीत 'लुई' रूढ आहे, व ते फ्रेंच वाचनावरून आले असावे असे कोणासही वाटेल. भोवतालचे कित्येक लोक त्यास 'लुई' म्हणतही. स्वतः त्याने मात्र डिसेंबर १९६३ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या आपल्या सुप्रसिद्ध गीतात आपले नाव 'लुइस' असे, अखेरचा सकार स्पष्ट ठेवून, उच्चारले आहे. धारकाचे तोंड आणि समाजाचे तोंड यांत फरक पडला, तर धारकास प्राधान्य द्यावे हेच न्याय्य. तथापि 'लुई' लिहिणाऱ्यास अडाणी ठरविण्याइतका हा पुरावा निर्णायक नाही.

जँगो राइनहार्ट या गिटारवादकाच्या नावाशी मराठी वाचकाचे एक अनपेक्षित नाते आहे. आरंभीचा रोमन 'डी' पाहून 'डँगो' अथवा 'ड्जँगो' असे लिहिण्याचा मोह होतो. परंतु फ्रेंचमध्ये नुसता 'जे' लिहिल्यास त्याचा उच्चार 'झ'कडे झुकतो. शुद्ध 'ज' दाखविण्यासाठी त्यापूर्वी 'डी' लिहावा लागतो. तो 'डी' वेगळा उच्चारावयाचा नसून 'ज'ची खूण आहे. हा वादक रोमानी समाजातला. रोमानी ही भारतीय-आर्य कुलातील भाषा, आणि 'जँगो' या नावाचा अर्थ 'मी जागा होतो' असा सांगितला जातो. तो अर्थ खरा धरल्यास हे नाव 'जाग' आणि 'जागर' या शब्दांचे दूरचे भावंड ठरते. आपल्याच कुळातील शब्द रोमन लिपीच्या बुरख्याआडून आला म्हणून मराठी वाचकाने तो 'ड' लावून परका करावा, हा प्रकार मौजेचा खरा.

आता गोव्याकडे वळावे. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी व वाद्यवादन शिकविले जाई. त्या शिक्षणाच्या बळावर गोमंतकीय वादक मुंबईच्या हॉटेलांतील वाद्यवृंदांत व पुढे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात शिरले. १९३५ मध्ये लिऑन ॲबी याने कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात आणला, त्यानंतर टेडी वेदरफोर्ड आला. आणि त्यांच्या सहवासात गोव्याच्या वादकांनी जॅझ आत्मसात केले. मिकी कोरिया याचा वाद्यवृंद १९३९ पासून दीर्घकाळ ताजमध्ये वाजत होता. सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, यांच्या संगीतात चिक चॉकलेट या ट्रम्पेटवादकाचा मोठा वाटा होता. 'अलबेला' (१९५१) या चित्रपटात तो आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतो. ज्या मराठी माणसाने हे संगीत ऐकले नाही असा विरळा. मात्र ते वाजविणाऱ्यांची नावे चित्रपटांच्या श्रेयनामावलीत बहुधा येत नसत. ती नावे पुढे आठवणींतून, मुलाखतींतून आणि ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टणांवरून गोळा करावी लागली, आणि वेष्टणे रोमन लिपीत होती. ज्याचे नाव आधीच गाळले गेले त्याचे ते उशिराने लिहावयाचे, आणि तेही चुकीचे, हा दुहेरी अन्याय होय. उच्चाराच्या या चर्चेस केवळ हौशी जिज्ञासेपलीकडचे महत्त्व येते ते यामुळे.

पोर्तुगीज शब्द मराठीत दोन वाटांनी आले. पहिली वाट कानाची. सोळाव्या-सतराव्या शतकांत खलाशी, व्यापारी, पाद्री यांच्या तोंडून ऐकलेले शब्द मराठीने आपल्या ध्वनिव्यवस्थेत बसविले: पाद्री, तुरुंग, फीत, नाताळ, चावी, घमेले. यांतील पोर्तुगीज 'ट' व 'ड' ही अक्षरे दन्त्य उच्चारांची आहेत, आणि मराठीने ती 'त' व 'द' अशी अचूक ऐकली. 'बटाटा' हा ठळक अपवाद. भाषेतील नियम शिपायासारखे रांगेत चालत नाहीत याची ती आठवण समजावी. 'चावी' या शब्दाने तर आणखी एक पुरावा जपला आहे. आजच्या प्रमाण पोर्तुगीजमध्ये 'सी-एच' या अक्षरद्वयाचा उच्चार 'श' आहे. 'चावी'तील 'च' हा त्या भाषेच्या जुन्या उच्चाराचा अवशेष होय. मराठी कानाने चारशे वर्षांपूर्वी जे ऐकले ते लिस्बनच्या जिभेने पुढे सोडून दिले.

दुसरी वाट डोळ्याची, आणि ती इंग्रजीतून आली. मुंबईत पोर्तुगीज आडनावे इंग्रजी पाट्यांवर, हजेरीपटांवर व वृत्तपत्रांत रोमन लिपीत वाचली गेली. इंग्रजी 'टी' व 'डी' मराठी कानाला मूर्धन्य वाटतात. म्हणून 'फर्नांडिस', 'डिसोझा', 'डिसिल्व्हा'. कोकणी बोलणाऱ्या घरात याच आडनावांतील 'द' दन्त्य ऐकू येतो. येथे एक ऐतिहासिक बाब लक्षात घेणे अगत्याचे आहे. मिशनऱ्यांनी कोकणी-मराठीसाठी जी रोमन लेखनपद्धती बसविली तीत मूर्धन्य वर्ण अक्षर दुप्पट करून दाखविण्याची सोय होती: एक 'टी' म्हणजे 'त', दोन 'टी' म्हणजे 'ट'. फादर स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'ची (१६१६) मराठी ओवी प्रथम छापली गेली ती रोमन लिपीतच. म्हणजे मराठीतील दन्त्य-मूर्धन्य भेद रोमन लिपीत अचूक दाखविणारी परंपरा गोव्यात चार शतकांची आहे. त्या परंपरेच्या माणसाचे नाव वाचताना मराठी लेखकाने मात्र कलकत्ता-मुंबईच्या इंग्रजी शाळेची अक्षरमूल्ये वापरावीत, हे विपरीत होय.

'एक्स' या अक्षराने हा विपर्यास सर्वांत उघड होतो. फ्रँक फर्नांद या वादकाने १९६३ मध्ये एक कोकणी चित्रपट निर्माण केला. त्याचे नाव 'आमचें नशीब'. रोमन कोकणीत 'नशीब' मधील 'श' हा 'एक्स'ने लिहितात. इंग्रजी वळणाने वाचणारा त्याचे 'नॉक्सिब' करतो, आणि रोजच्या वापरातला शब्द त्यास एखाद्या औषधाच्या नावासारखा भासतो. आता चिक चॉकलेटचे मूळ नाव पाहावे. त्याचे नाव आंतोनियो शाविएर वाझ. मधले नाव गोव्याच्या संताचे. बास्क भाषेत 'नवे घर' या अर्थाचा एक शब्दसमूह होता, त्यात 'च' होता. त्यापासून बनलेल्या ग्रामनामातील तो वर्ण पोर्तुगीजमध्ये 'श' झाला, स्पॅनिशमध्ये घशातला 'ख' झाला, आणि इंग्रजीत 'झ' झाला. मुंबईच्या महाविद्यालयामुळे मराठीत 'झेवियर' रूढ आहे. संतापुरते ते रूप आता मराठीचेच मानावे. परंतु बार्देस तालुक्यातील हळदोणे येथे १९१६ मध्ये जन्मलेल्या मुलास घरात कोणी 'झेवियर' म्हणून हाक मारीत असेल असे मानणे कठीण आहे. 'वाझ' या आडनावाचा अखेरचा वर्ण आजच्या पोर्तुगीजमध्ये 'श' ऐकू येतो. गोव्याच्या व मुंबईच्या व्यवहारात तो सघोष आहे, म्हणून तेथे 'झ' ठेवण्यास हरकत नाही. 'चिक' या रंगनामाच्या आरंभी 'च' की 'श' असा प्रश्न अक्षरावरून उपस्थित करता येतो. मुंबईच्या चित्रपटव्यवहारात मात्र 'चिक' हेच रूप चालले. 'चॉकलेट'बद्दल भाषाशास्त्राने काही सांगावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही.

'कोरिया' या लेखनात दोन निरनिराळी आडनावे एकत्र मिसळली आहेत. मिकी कोरिया याचे आडनाव पोर्तुगीज, दोन 'आर' असलेले. अमेरिकन पियानोवादक चिक कोरिया (१९४१–२०२१) याचे आडनाव इटालियन वंशाचे, एकाच 'आर'चे. रोमन लिपीत भिन्न असणारी ही आडनावे देवनागरीत अक्षरशः एक होतात, आणि त्यात पुन्हा एकाच्या मागे 'चिक' आहे तर दुसऱ्याच्या समकालीनाच्या मागे 'चिक' आहे. उच्चारनिष्ठ लेखनाची ही एक मर्यादा प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे: ते ध्वनी राखते, वंशावळ राखत नाही. वंशावळीसाठी टीप द्यावी. तिच्यासाठी उच्चार वाकवू नये.

येथवरच्या विवेचनावरून असा समज होण्याचा संभव आहे की, गोमंतकीय वादकांची सर्व नावे त्यांच्या मूळ कोकणी अथवा पोर्तुगीज रूपांत परत न्यावीत. अलीकडे असा आग्रह काही लेखनात दिसतो. त्यामागील सद्भावना उघड आहे. तरीही तो आग्रह स्वीकारार्ह नाही. ख्रिस पेरी याचे आडनाव मूळचे परेरा. 'पेरी' हे त्याने निवडलेले, ध्वनिमुद्रिकांवर छापलेले आणि कोकणी संगीतात अजरामर झालेले नाव आहे. फ्रँक फर्नांद याने 'फर्नांडिस'मधील शेवट गाळला. ही निवड इंग्रजी सत्तेच्या शहरात, हॉटेलच्या व्यवस्थापकास व ग्राहकास रुचेल अशी केली गेली असेल; पण ती केली त्यांनी. त्यांच्या पश्चात अभ्यासकाने ती रद्द करणे म्हणजे एका कारकुनाची चूक दुरुस्त करण्याच्या आवेशात दुसऱ्या कारकुनाची भूमिका पत्करणे होय. 'बासिम' खोडून 'वाशीम' लिहिणे योग्य, कारण गावाने स्वतःस कधी 'बासिम' म्हटले नव्हते. 'पेरी' खोडून 'परेरा' लिहिणे अयोग्य, कारण पेरीने स्वतःस 'पेरी' म्हटले होते. दोन्ही निर्णय एकाच तत्त्वातून निघतात.

अमेरिकेत या तत्त्वाची परीक्षा घेणारे एक उदाहरण आहे. चॅटनूगा येथे १९२० मध्ये विल्यम इमॅन्युएल हडलस्टन या नावाने जन्मलेल्या वादकाने इस्लामचा स्वीकार करून 'यूसेफ लतीफ' हे नाव घेतले व ते २०१३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, चालविले. मराठी वाचकास 'यूसुफ' परिचित आहे, आणि 'यूसेफ' हे त्यास अशुद्ध वाटेल. परंतु हे नाव अरबस्तानातून आलेल्या कोणा पूर्वजाचे नाही. ते या माणसाने स्वतः उचललेले व त्याच्या तोंडी तसे बसलेले आहे. त्याचे 'यूसुफ' करणे ही दुरुस्ती नव्हे.

स्वतःच्या लेखनात नाव बसविण्याचा अधिकार धारक कसा वापरतो याचा सुंदर दाखला खुद्द मराठी साहित्यात आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४), २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, आपले आडनाव आरंभी दन्त्य 'द' आणि अखेरीस मूर्धन्य 'ट' असे लिहीत. पोर्तुगीज न्यायाने दोन्ही दन्त्य हवेत. इंग्रजी न्यायाने दोन्ही मूर्धन्य. 'दिब्रिटो' दोन्ही न्यायांस धुडकावते आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, ते मराठीतील निर्विवाद शुद्ध रूप आहे. त्याचे 'डिब्रिटो' करण्याचे धाडस कोणी केले नाही, कारण धारक मराठीत लिहीत होता. जे मराठीत लिहीत नव्हते, ज्यांच्याकडे तुतारी होती पण लेखणी नव्हती, त्यांच्या नावांबाबत हा संकोच गळून पडतो.

उलट दिशेचा प्रवासही नोंदण्याजोगा आहे. ठुमरी-गायिका शोभा गुर्टू यांचे पुत्र त्रिलोक गुर्टू (जन्म मुंबई, १९५१) हे जॅझमधील तालवादक म्हणून युरोप-अमेरिकेत ख्यातनाम आहेत. त्यांच्या नावात 'त' दन्त्य, आडनावात 'ट' मूर्धन्य. रोमन लिपीत दोन्ही ठिकाणी एकच 'टी'. इंग्रज वाचकाचा 'टी' तर दन्तमूलाजवळचा. त्यामुळे तो दोन निरनिराळ्या वर्णांचा तिसराच एक वर्ण करतो, आणि दोन्ही ठिकाणी सारखाच चुकतो. मराठी वाचक मात्र हे नाव बरोबर उच्चारतो, कारण आईचे नाव त्याने आकाशवाणीवर ऐकलेले असते आणि मराठी छापील कागदावर वाचलेले असते. कोलट्रेनने रविशंकरांवरील आदरापोटी १९६५ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव 'रवी' ठेवले. इंग्रजी तोंडी त्याचा पहिला स्वर दीर्घ होऊन 'रावी' झाला, आणि आता तो स्वतः प्रसिद्ध सॅक्सोफोनवादक आहे. वर सांगितलेले तत्त्व काटेकोरपणे लावल्यास मराठीत त्याचे नाव 'रावी कोलट्रेन' लिहावे लागेल. मराठी लेखकाची लेखणी येथे अडखळेल, आणि ती अडखळली तरी दोष देता येणार नाही: वडिलांनी जे नाव ठेवले ते 'रवी'च होते, आणि ते नाव कोठून घेतले हे त्यांना ठाऊक होते. या एका ठिकाणी तत्त्वापेक्षा हेतू बलवत्तर मानावा.

संशोधनपर लेखनात यावरून व्यवहार ठरविता येतो. वादकाचा आवाज ज्या मुलाखतीत अथवा ध्वनिमुद्रणात उपलब्ध आहे, तेथे तो ऐकून नाव देवनागरीत लिहावे. तो उपलब्ध नसेल तर त्याच्या कुटुंबीयांचा अथवा सहवादकांचा उच्चार घ्यावा. तोही नसेल तरच भाषेच्या सामान्य नियमांकडे जावे, आणि ते नियम त्या नावाच्या भाषेचे असावेत, इंग्रजीचे नव्हेत. रंगनाम हे मुख्य नोंदीत, जन्मनाम त्याच्या पोटात. मराठीत पूर्वीच रुजलेल्या रूपाचा मान राखावा. 'फर्नांडिस' म्हणवून घेणाऱ्या मुंबईच्या माणसाचे 'फेर्नांदीश' करू नये. आंब्यास 'हापूस' म्हणताना मूळचे 'अफोन्सो' हे व्यक्तिनाम कोणाला आठवत नाही, आणि आठवण्याची गरजही नाही. परंतु अफोन्सो नावाचा वादक आढळल्यास त्यास आंब्याच्या पेटीवरील 'अल्फान्सो' हे रूप चिकटवू नये.

नोंदींचा प्रश्न किती व्यावहारिक आहे हे एका नावावरून दिसेल. माजोर्डा येथील व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे काटेकोर अर्थाने जॅझचे नव्हेत, पण त्याच वादकवर्गाचे. त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत भारतीय वादकांचा सिम्फनी वाद्यवृंद उभा केला. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील गीतातून गुरूचे नाव नायकाच्या तोंडी घातले, आणि ते देशभर झाले. त्या नावातील 'थ' हा खरे तर एका जुन्या लेखनप्रमादाचा आवाज आहे: लॅटिन नावात नसलेला 'एच' इंग्रज लेखकांनी ग्रीक 'फूल'वाचक शब्दाशी खोटे नाते जोडून मध्ये घुसविला. इंग्लंडात कित्येक जण तो न उच्चारता 'अँटनी' म्हणतात; भारतात तो इमानाने 'थ' म्हणून उच्चारला गेला. आडनावात पोर्तुगीज लेखनातील शेपटीचा 'सी' इंग्रजी छापखान्यात नसल्याने 'एस' आला, आणि सुदैवाने उच्चार बिघडला नाही. परंतु स्पॅनिश 'गोन्झालेझ'च्या प्रभावाने 'गोन्झाल्विस' असेही कोणी लिहील, कोणी एकार ठेवून 'गोन्साल्वेस' लिहील, आणि तिन्ही रूपे एकाच ग्रंथालयाच्या तीन निरनिराळ्या पत्रांवर जातील. मग चित्रपटसंगीतावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास एका पत्रावर प्यारेलालांचा शिक्षक सापडेल, दुसऱ्यावर गाण्यातला विनोदी नायक सापडेल, आणि १९५८ चा वाद्यवृंद उभारणारा माणूस तिसऱ्या पत्रावर त्याच्या नजरेस न पडता तसाच राहील.